छोटा पीसी गप्प करायचाय? पंख्याला चिपच्या मागे पळवू नका

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत माझ्या टेबलावरचा छोटा पीसी तुम्हाला दिसला आणि तेव्हापासून कमेंट्समध्ये एकच प्रश्न चाललाय: "ताई, एवढ्याशा डब्यात तापत नाही का? आणि आवाजाचं काय?" तापतो. आवाजही होता, पहिले चार महिने तर भरपूर होता. आज तो का होता आणि कसा गेला, तेवढंच सांगते.

आधी पटकन सामान. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७ बाय १७ सेंटिमीटर. केस, म्हणजे बाहेरचा डबा, साधारण ९ लिटरची. प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, रायझन ५ ७६००. त्यावर त्याची उष्णता ओढून घेणारा नॉक्टुआचा एनएच-एल९ए कूलर, पंख्यासकट ३७ मिलिमीटर उंच, कारण माझ्या केसमध्ये त्याहून उंच काही मावत नाही. घेण्याआधी केसमध्ये किती उंचीचा कूलर बसतो ते बघा, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट नीट लावा, जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा काढा. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

(पंख्याचं जुनं रेकॉर्डिंग वाजवा, १० सेकंद)

ऐकलंत? नीट ऐका, आवाज फार मोठा नाहीये. पण सूंsss करून चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. हे मला कोणी दाखवलं माहितीये? माझ्या आईने. ती सकाळी रियाजाला बसते आणि तिच्या खोलीत नि माझ्या टेबलात एकच पातळ भिंत आहे. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "अगं, छताचा पंखा याच्याहून मोठ्याने फिरतो, तो मला ऐकूही येत नाही. तुझा हा एका जागी थांबत नाही. सूर लावला की कान त्याच्यामागे जातो." मी तोवर फोनवर डेसिबल मोजत बसले होते आणि नवे पंखे शोधत होते. अडचण आवाजाच्या चढउताराची होती आणि ती मी मोजतच नव्हते.

आता तो चढतो-उतरतो का? या प्रोसेसरमध्ये ज्या तुकड्यात सगळे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत तो जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास आहे, करंगळीच्या नखाएवढा धरा. तुम्ही ब्राउझर उघडलात की तेवढ्याशा जागेत एकदम उष्णता येते. सेन्सर ४८ वरून ७० अंशांवर जातो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. बोर्डाला वाटतं, आग लागली! पंखा धावत सुटतो. दोन सेकंदांत ब्राउझर उघडून झाला, तापमान खाली, पंखा खाली. मग पुढची टॅब.

पण पंखा वारा कशावर घालतो? कूलरच्या धातूवर. तो पाव किलोहून जास्त वजनाचा आहे. गॅस मोठा केला म्हणून जाड तवा लगेच तापतो का? तसंच. त्या दोन सेकंदांत धातू धड एक अंशही चढलेला नसतो. मग थंड धातूवर जोरात वारा घालून मिळालं काय? फक्त आवाज. पंख्याने धातूच्या चालीने चालायला हवं आणि बोर्डाची मूळ सेटिंग त्याला चिपच्या चालीने पळवते.

हे मी आधी एका छोट्या व्हिडिओत सांगितलं होतं, तेव्हा खाली कमेंट आली: "पंखा उशिरा वाढला तर सीपीयू जळेल." नाही जळणार, आणि ही भीती मला खरंच घालवायची आहे, कारण तिच्यापायी लोक वर्षानुवर्षं त्या घरघरीत काम करतात. ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, त्यासाठी त्याला पंख्याची परवानगी लागत नाही. आणि काम खरंच मोठं असेल, रेंडर (व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) वगैरे, तर धातू पाच-दहा सेकंदांत तापायला लागतोच. मग पंखा वाढतोच. फक्त फसव्या उड्यांना तो भुलत नाही.

(स्क्रीनवर माझा कर्व्ह)

बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पंख्याच्या पानावर जा. "स्टेप अप", "स्मूदिंग" किंवा अशाच अर्थाचं काही दिसेल, नाव बोर्डाप्रमाणे बदलतं. तापमान वाढल्यावर पंख्याने वेग किती सावकाश वाढवायचा, ते तिथे ठरतं. तिथे जितके जास्त सेकंद मिळतील तितके घ्या. काही बोर्डांत एक सेकंदसुद्धा मिळत नाही. तसं असेल तर विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात तापमानाची सरासरी घेऊन पंखा चालवता येतो. मी १० सेकंदांची सरासरी घेते. आणि कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल तो आलेख, सुरुवातीला सपाट ठेवा. माझा ६५ अंशांपर्यंत ४० टक्क्यांवर आडवा आहे. तिथून ८५ पर्यंत हळू चढ, ९२ ला पूर्ण वेग. लोक ३० अंशांपासूनच जिना काढतात, प्रत्येक पायरीला नवा सूर. कृपा करून तो जिना काढू नका.

पूर्ण वेग म्हणजे माझ्या पंख्याचे मिनिटाला २५०० फेरे. फेरे दुप्पट झाले की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो आणि १० डेसिबलची वाढच कानाला दुप्पट वाटते. म्हणून तिथवर पोचायची वेळच कमी यावी असं बघायचं. त्यासाठी दोन गोष्टी केल्या.

एक, बायोसमधल्या पीबीओ नावाच्या मेन्यूत पीपीटी, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, ८८ वॉटवरून ६० वर आणलं. माझं दहा मिनिटांचं रेंडर आता अकरा मिनिटं घेतं, एवढंच.

दुसरी गोष्ट फटीची. कूलरचा पंखा आणि केसची जाळी यांच्यात माझ्याकडे १२ मिलिमीटर मोकळी जागा होती. पंखा त्या फटीतून केसमधलीच गरम हवा परत ओढत होता, बाहेरची ताजी हवा अर्धीमुर्धीच. दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी हार्डवेअरच्या दुकानातून आणली आणि पंख्याच्या कडेने चिकटवून जाळीपर्यंत भिंत केली. फोम पात्यांना लागत नाही ना, ते हाताने पंखा फिरवून बघा. माझ्याकडे त्याच वेगाला रेंडरमध्ये ६ अंश कमी झाले. पंखा जाळीला अगदी चिकटवला तरी फट जाते खरी, पण मग हवा भोकांवर कापली जाऊन शिट्टीसारखा आवाज येतो. थोडं अंतर ठेवा, कडा बंद करा.

"लिक्विड कूलिंग लाव" म्हणणाऱ्यांना: माझ्या ९ लिटरमध्ये रेडिएटर बसत नाही, आणि पंपाची गुणगुण वेगळीच.

नागपूरहून एकांनी लिहिलंय की त्यांच्या खोलीत मे महिन्यात ४० अंश असतात, माझे आकडे तिथे कसे चालणार? बरोबर आहे, नाहीच चालणार. खोली १० अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तेवढीच चढते, परदेशी रिव्ह्यूमधले आकडे म्हणूनच आपल्याकडे जुळत नाहीत. मीही पुण्यात एप्रिल लागला की सपाट भाग ६५ वरून ७२ वर नेते आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की परत आणते. तुम्ही ७५ पर्यंत न्या आणि पीपीटी ५५ करून बघा. एक तास तुमचं नेहमीचं काम करा, ८५ च्या खाली राहिलात तर तिथेच ठेवा, आणि किती आलं ते मला खाली लिहा.