पाळणा गेममध्ये कधी उतरणार?

(दृश्य : पुसेगाव. यात्रेआधीचं मोकळं रान. ट्रकमधून लोखंड उतरतंय.)

सातारा जिल्ह्यातलं पुसेगाव. मार्गशीर्ष संपत आला की इथं सेवागिरी महाराजांच्या यात्रेची लगबग सुरू होते. रथाच्या दिवशी भाविक रथाला नोटांच्या माळा बांधतात, एका अंगाला खिलार जनावरांचा बाजार भरतो आणि दुसऱ्या अंगाला पाळणेवाल्यांचे ट्रक लागतात. आता तेच सामान उतरतंय. लांबलचक लोखंडी दांडे, रंग उडालेले डबे, जाड लाकडी ओंडके, एक जनरेटर. हे सगळं जोडून आकाशपाळणा उभा राहील, यात्रेभर फिरेल आणि यात्रा उलगली की पुन्हा सुटा होऊन ट्रकमध्ये चढेल.

(दृश्य : संगणकाचा पडदा. हिरव्या जमिनीवर एक चाक उगवतं.)

हाही पाळणाच. माउसचं एक बटण दाबलं, खात्यातून पैसे वजा झाले, पाळणा उभा. तो आता कुठंही जाणार नाही. हलवायचा तर पाडायचा आणि दुसरीकडे नवा बांधायचा.

थीम पार्क चालवण्याचे गेम निघायला लागून तीस वर्षं होऊन गेली. नवा गेम येणार अशी कुणकुण लागली की खेळणाऱ्यांच्या अपेक्षांना ऊत येतो. जास्त उंच कोस्टर, म्हणजे रुळांवरून वरखाली धावणारी गाडी, हवा, रात्रीची रोषणाई हवी, पाऊस खराखुरा हवा. या अपेक्षांत काही चूक नाही. पण साताऱ्यात बसून हे गेम खेळणाऱ्याला एक गोष्ट खटकते. या गाजलेल्या गेममधलं पार्क जागचं हलत नाही, आणि आपली यात्रा एका जागी थांबत नाही.

(दृश्य : जुना गेम, वरून दिसणारं चौकोनी चित्र.)

सुरुवात १९९४ ची. बुलफ्रॉग या ब्रिटिश कंपनीचा 'थीम पार्क'. त्यातली एक खोडी अजून लोकांच्या लक्षात आहे. बटाट्याच्या फ्रेंच फ्राइजमध्ये मीठ किती घालायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. मीठ वाढवलं की लोकांना तहान लागायची आणि शेजारच्या गाड्यावरचं थंड पेय खपायचं. भेळ तिखट ठेवून बाजूलाच बर्फाच्या गोळ्याची गाडी लावणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही.

मग १९९९ साली 'रोलरकोस्टर टायकून' आला. क्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रामरनं तो जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत लिहिला, म्हणजे प्रोसेसरला थेट समजेल अशा अगदी खालच्या पातळीवरच्या सूचनांत. त्यामुळे त्या काळच्या साध्या संगणकावरही शेकडो माणसं पार्कात फिरायची, प्रत्येकाच्या खिशात वेगळे पैसे, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा विचार. भूक लागली, पोटात ढवळतंय, घरी जायचंय. पाऊस आला की छत्रीचा भाव वाढवा, लोक तरी घेतात, हे शहाणपण एका पिढीला या गेमनं दिलं. पुढं तो मोबाइलवरही आला.

२००४ चा तिसरा भाग केंब्रिजच्या फ्रंटियर कंपनीनं केला आणि चित्र त्रिमितीत गेलं. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, त्याच्या पुरवणीत पाण्याच्या घसरगुंड्या आल्या. गंमत अशी, की याच कंपनीनं २०१६ मध्ये 'प्लॅनेट कोस्टर' काढला तेव्हा त्यात वॉटर पार्क नव्हतं. लोक मागत राहिले. २०२४ च्या नोव्हेंबरात दुसरा भाग आला, तेव्हा पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, पाणी शुद्ध करणारी यंत्रं आणि वीज पुरवणारी यंत्रणा असं सगळं एकदम आलं. म्हणजे मागणी लावून धरली तर कधी ना कधी पुरी होते. त्याच भरवशावर आम्ही आमची मागणी मांडतोय.

(दृश्य : भिंतीवरची दिनदर्शिका. पानं उलटतात.)

आधी कॅलेंडर. 'रोलरकोस्टर टायकून'चं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. ऑक्टोबर संपला की पुन्हा मार्च. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हे महिने त्या गेममध्ये नाहीतच. ब्रिटनमधली बरीच पार्कं हिवाळ्यात दारं लावून घेतात, तेव्हा तिथल्या माणसाला त्यात वावगं वाटायचं कारण नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ. महिना सरता सरता पुसेगाव. पौषात पालीचा खंडोबा, औंधची यमाई, मांढरदेवची काळूबाई. मग उन्हं तापायला लागतात आणि चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाची यात्रा. गेमनं जे चार महिने गाळून टाकले, त्यातच यात्रेतल्या पाळणेवाल्याचा खरा धंदा होतो. पावसाळ्यात त्याचं लोखंड ताडपत्रीखाली पडून असतं.

शिवाय या तारखा तिथीच्या. इंग्रजी कॅलेंडरवर त्या दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढं ढकलल्या जातात. यंदा शाळेच्या सुट्टीत आलेली यात्रा पुढच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर येऊ शकते, गल्ल्यात फरक पडतो. गेमसाठी यापेक्षा चांगला पेच कुठं मिळणार? नकाशावर गावं, गावांमध्ये अंतरं, आणि ट्रक एका यात्रेतून सुटून दुसरीकडे वेळेत पोचतोय की नाही याची धाकधूक.

(दृश्य : पाळण्याचा पाया. ओंडके, पाचरी, पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी.)

आता उभारणी. इथं थोडं थांबायला हवं, कारण खरा खेळ इथं आहे.

गेममध्ये जमीन उंचसखल असली तर पाळण्याखाली आपोआप खांब येतात. इथं कुणाचं तरी रान असतं. वरून सपाट दिसतं, पण एका कोपऱ्यात माती मऊ, दुसऱ्या कोपऱ्यात मुरूम. गवंडी वापरतात तसल्या पाण्याच्या नळीनं पातळी बघायची, कमी असेल तिथं ओंडका सरकवायचा, वर फळी, फळीखाली पाचर. मधले खांब उभे करायचे, आस चढवायचा, मग एकेक दांडा. सगळे नटबोल्ट आवळून झाले की चाक रिकामं फिरवायचं आणि कान देऊन ऐकायचं.

'रोलरकोस्टर टायकून'मध्ये प्रत्येक राइडला विश्वासार्हतेचा आकडा असतो. राइड जुनी होत जाते तसा तो घसरतो. मेकॅनिकनं किती वेळानं तपासायचं तेही ठरवता येतं, दर दहा मिनिटांपासून ते 'कधीच नको' इथपर्यंत. पण फिरत्या पाळण्याची झीज निव्वळ फिरून होत नाही. सारखं सुटं करण्यानं आणि जोडण्यानं आटे झिजतात, भोकं मोठी होतात, एखादी पिन मागच्या गावी राहते. पुढच्या गेममध्ये हा आकडा दर उभारणीला नव्यानं ठरावा. घाई केली, माणसं कमी लावली, अंधारात जोडणी केली, तर त्याची शिक्षा मिळावी.

मग माणसं भरणं. गेममधला पाळणा कुणी कुठं बसलंय याची पर्वा करत नाही. खऱ्या पाळण्यात ओळीनं चार डबे भरले आणि बाकीचे रिकामे ठेवले, तर एक बाजू वर ओढताना मोटरचा दम निघतो आणि तीच बाजू खाली येताना चाक आवरत नाही. म्हणून जाणता चालवणारा एक डबा भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा डबा खाली घेतो. भारी माणसं कुठं, पोरंसोरं कुठं, हे त्याचं नजरेनं ठरतं. उतरवतानाही तोच क्रम. खाली रांगेत उभे असलेले ओरडत असतात, आमचा नंबर आधी होता म्हणून. रांग सांभाळायची की तोल, असा हा प्रश्न आहे आणि तो दर फेरीला पडतो. हे कुणी गेममध्ये आणलं तर मी नव्या कोस्टरवर खुशाल पाणी सोडीन.

(दृश्य : मौत का कुआँ. फळ्यांवर चढणारी मोटरसायकल, वरून डोकावणारे चेहरे.)

कोलंबस, ब्रेक डान्स, ड्रॅगन यांचे भाऊबंद गेममध्ये वेगळ्या नावानं सापडतात. मौत का कुआँचं मात्र गणित सांगण्यासारखं आहे. उभ्या भिंतीवर गाडी टिकते ती टायर आणि फळी यांच्यातल्या घर्षणामुळे, आणि ते घर्षण मिळतं वेगामुळे. विहिरीची त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणांक, म्हणजे टायर फळीला किती धरून राहतो त्याचं माप, ०.७ धरला तर ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या खाली गेलं की गाडी घसरू लागेल. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. फळ्या दवानं ओल्या झाल्या, घर्षणांक निम्म्यावर आला, तर तोच वेग ४२ च्या वर न्यावा लागतो. हवामानाचा गेमवर परिणाम व्हावा असं सगळेच म्हणतात. परिणाम म्हणजे लोकांनी छत्र्या घ्यायच्या, एवढाच नको. डिसेंबरातल्या पहाटेच्या दवाचा हिशेबही त्यात यावा.

(दृश्य : मांढरदेवचा डोंगर, लांबून.)

गर्दीबद्दल बोलताना वाई तालुक्यातल्या या डोंगराकडे पाठ फिरवता येत नाही. २५ जानेवारी २००५. शाकंभरी पौर्णिमा. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, फुटलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, चेंगराचेंगरी आणि दुकानांना आग. सुमारे ३०० माणसं गेली.

जुन्या 'रोलरकोस्टर टायकून'मध्ये माणसं एकमेकांच्या अंगातून आरपार जातात. वाट तुंबली तर फार तर 'इथं फार गर्दी आहे' असा विचार त्यांच्या मनात येतो आणि ती थोडी नाराज होतात. 'प्लॅनेट कोस्टर'नं यात मोठी मजल मारली. प्रत्येक माणसाचा मार्ग वेगळा काढत बसण्यापेक्षा गर्दी प्रवाहासारखी हिशेबात धरली आणि हजारो माणसं एकमेकांना चुकवत चालू लागली. तरीही त्या गर्दीला दाब नाही. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात, एका चौरस मीटरात पाच-सहा माणसं झाली की माणूस स्वतःच्या मर्जीनं पाऊल टाकू शकत नाही, मागून आलेला रेटा त्याला नेईल तिकडं तो जातो. रुंद वाट पुढं अरुंद होते तिथं, आणि येणारे-जाणारे समोरासमोर येतात तिथं हे घडतं.

गेममध्ये मरण दाखवावं असं आमचं मुळीच म्हणणं नाही. पण वाटेचा कुठला भाग लाल होतोय ते आधी दिसावं. जाण्याची वाट वेगळी, येण्याची वेगळी, दुकानं मागं सरकवलेली, पायऱ्यांवर नारळ फोडायला मनाई, हे करून बघता यावं. हा भाग असा झाला, तर तो गेम यात्रा कमिटीच्या बैठकीतही उघडला जाईल.

(दृश्य : लाऊडस्पीकरचा खांब. पुकारा सुरू आहे.)

गेममधला माणूस फाटकातून आत येतो तो राइडमध्ये बसायलाच. यात्रेला फाटक नाही आणि इथं आलेला माणूस आधी दर्शनाला जातो. नवस फेडायचा असतो, पै-पाहुण्यांना भेटायचं असतं, बैल बघायचे असतात, बायकांना बांगड्या भरायच्या असतात, गोडीशेव आणि बत्तासे बांधून घ्यायचे असतात. पाळणा येतो सगळ्यात शेवटी, तोही पोरांनी हट्ट धरला म्हणून. म्हणजे पाळण्यावरची गर्दी दर्शनाच्या रांगेवर ठरते. रांग लवकर सरकली तर संध्याकाळी धंदा, अडली तर लोक थेट एसटी गाठतात. असा पाहुणा गेममध्ये आला की 'सगळ्यात भारी राइड बांधा, लोक येतील' हा जुना नियम पार मोडीत निघेल.

आणि चुकलेली पोरं. कुटुंबं गटानं फिरताना दाखवायला गेम शिकलेत. पण निळा शर्ट घातलेला, नाव धड न सांगणारा, हातात पिपाणी घेऊन रडणारा चार वर्षांचा मुलगा, आणि स्पीकरवरून त्याच्या आईला होणारा पुकारा, हे हवंच. तो पुकारा ऐकून शेजारच्या पाळण्याचाही कर्णा थोडा वेळ बंद होतो का, हे खेळणाऱ्यानं ठरवावं.

(दृश्य : पत्र्याच्या पेटीवर हिशेबाची वही.)

शेवटी पैसा. 'रोलरकोस्टर टायकून'च्या हिशेबाच्या चौकटीत बांधकाम, देखभाल, जमीन, तिकिटं, दुकानांची विक्री, पगार, जाहिरात, संशोधन असे रकाने असतात. पाळणेवाल्याच्या वहीत जाहिरात आणि संशोधनाला जागा नाही. त्याऐवजी जागेची पावती, ट्रकचं भाडं, जनरेटरचं डिझेल, माणसांचा शिधा, आणि दोन यात्रांमधले बिनकमाईचे दिवस. जमेच्या बाजूला तिकिटं तर आहेतच, पण कुआँच्या कठड्यावरून प्रेक्षकानं हात लांब करून धरलेली आणि चालत्या गाडीवरून स्वारानं ओढून घेतलेली दहाची नोटही आहे. ती मालकाची की स्वाराची, यावर वाद होतो, तेव्हा तिला वेगळा रकाना द्यावा. कर्जावरच्या व्याजाचा रकाना तेवढा आहे तसाच ठेवला तरी चालेल. तो दोन्हीकडे सारखाच आहे.