गेंड्याच्या नावाची नाटक मंडळी

मंडळी, सॅन फ्रान्सिस्कोला गेलात तर पूल बघालच. पण एक संध्याकाळ कॅस्ट्रो भागातल्या अठराव्या रस्त्यासाठी राखून ठेवा. तिथे ‘थिएटर रायनोसेरस’ ही समलिंगी आणि क्वीअर रंगकर्मींची छोटी संस्था नाटकं करते. रस्त्यावरच्या गाळ्यातलं थिएटर. नट आणि पहिली रांग यांच्यात लपायला जागाच नाही. ज्यांनी दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमधल्या प्रायोगिक नाटकांचे दिवस पाहिलेत, त्यांना तिथे परकं वाटणार नाही.

रायनोसेरस म्हणजे गेंडा. पण गेंडाच का? सत्तरच्या दशकात बोस्टनच्या समलिंगी चळवळीने फिकट जांभळा गेंडा हे चिन्ह घेतलं होतं. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. डिवचलात तर मात्र खैर नाही.

अ‍ॅलन एस्टेस यांनी १९७७ साली संस्था काढली. पहिला प्रयोग चक्क एका बारमध्ये झाला. नाटकही बारमध्येच घडणारं, म्हणजे नेपथ्याची चिंता मिटली!

आपल्याकडे तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली आलं. मित्रा ही त्यातली समलिंगी नायिका, ती रोहिणी हट्टंगडींनी केली. धाडसाचं नाटक, वादच नाही. पण मित्राची गोष्ट सांगतो कोण? बापू. तिचा मित्र. समोरच्या प्रेक्षकाला ती आधी समजावून सांगावी लागते. स्वतःची संस्था असली की हा खटाटोप वाचतो. पात्र ‘असं का आहे’ हे कुणी विचारत नाही, त्यामुळे नाटक थेट पुढच्या प्रश्नाला हात घालतं.

१९८४ साली तो प्रश्न एड्सचा होता. एस्टेस स्वतः त्याच वर्षी एड्सने गेले. आणि त्याच सप्टेंबरात संस्थेने ‘द एड्स शो’ रंगमंचावर आणला. अनेकांनी मिळून लिहिलेले छोटे प्रवेश, गाणी, आणि हो, विनोदसुद्धा. एक लक्षात घ्या, रक्ताची चाचणी बाजारात आली ती १९८५च्या मार्चमध्ये. म्हणजे तिकीट काढून बसलेल्या माणसाला आपल्याला लागण झाली आहे की नाही, हे कळायची सोयच नव्हती. विंगेतल्या नटालाही नव्हती. राष्ट्राध्यक्ष रेगन या रोगाबद्दल जाहीरपणे बोलले तेही १९८५च्या सप्टेंबरात. सरकार गप्प होतं, तेव्हा ही मंडळी प्रयोग लावत होती. पुढच्या वर्षी त्यांनी संहिता बदलून नवा प्रयोग उभा केला, कारण वर्षभरात परिस्थितीच बदलली होती. सुटे प्रवेश असल्याचा हा फायदा. तीन अंकी, बांधेसूद नाटकाला हे जमलं नसतं, असं माझं मत आहे.

त्या काळात त्यांचा मुक्काम रेडस्टोन बिल्डिंगमध्ये होता. ही १९१४ सालची कामगार संघटनांची इमारत. १९३४च्या सार्वत्रिक संपाची सूत्रं तिथूनच हलली होती. २००९ साली ती जागा सुटली आणि पुढची कित्येक वर्षं संस्था या हॉलमधून त्या हॉलमध्ये फिरत राहिली. जागेसाठी आणि तारखांसाठी वणवण म्हणजे काय, ते इथे बसलेल्या प्रायोगिकवाल्यांना मी सांगायला नको.