तीन उजवे हात

नमस्कार श्रोतेहो.

कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर केलॉग हे नाव तुम्ही वाचलं असेल. हे केलॉग बंधू अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले, बॅटल क्रीक गावचे. धाकट्यानं कारखाना काढला. थोरला डॉक्टर, तो गावात एक भलंमोठं आरोग्यधाम चालवायचा. १९४२ साली लष्करानं ती इमारत विकत घेतली आणि तिथं पर्सी जोन्स रुग्णालय सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेली पोरं तिथं येऊ लागली. आज मी त्यातल्या तिघांची गोष्ट सांगणार आहे. घाव तिघांच्याही उजव्या हातावर बसला होता.

पहिला बॉब डोल. कॅन्ससमधल्या रसेल या छोट्या गावचा, वय एकवीस, म्हणून एकेरीतच सांगतो. १४ एप्रिल १९४५. इटलीच्या डोंगरात वायरलेसवाल्या सोबत्याला आडोशाला ओढायला तो पुढे सरकला आणि उजव्या खांद्यात मारा बसला. सोबतच्या जवानानं त्याला मॉर्फिन टोचलं, आणि त्याच्याच रक्तात बोट बुडवून कपाळावर ‘एम’ अक्षर काढलं. कशाला? तर मागून येणाऱ्यानं दुसऱ्यांदा टोचू नये. दुसऱ्या टोचणीनं जीवच गेला असता. तसाच तो तासन्‌तास पडून होता.

इथं थोडं आपल्याकडचं सांगायला हवं. त्याच्या पाचच दिवस आधी, त्याच इटलीत, सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव लढत होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी एकेक करून नदीपार सुरक्षित पोचवलं आणि ते पुन्हा शत्रूवर चालून गेले. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्ब काढले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरा डॅनियल इनोये. हवाईचा, जपानी वंशाच्या आईबापांचा मुलगा. त्याला सर्जन व्हायचं होतं. जपाननं हवाईतल्या पर्ल हार्बरवर हल्ला केला त्या दिवशी हा सतरा वर्षांचा पोरगा जखमींना प्रथमोपचार देत धावत होता. आणि लगोलग सरकारनं त्याच्यासारख्यांना ‘शत्रूदेशीय’ ठरवून टाकलं! १९४३ मध्ये भरतीची परवानगी मिळाली, तसा तो शिक्षण सोडून गेला. २१ एप्रिल १९४५ ला इटलीत उजव्या हातात हातबॉम्ब, फेकायच्या तयारीत, आणि तेवढ्यात जर्मन ग्रेनेडनं तो हात कोपरापासून जवळपास तोडला. बॉम्ब मात्र त्या मुठीत तसाच आवळलेला. त्यानं डाव्या हातानं तो सोडवला आणि फेकला.

हात गेल्यावर एका नर्सनं त्याच्यापुढं सिगारेट आणि काडेपेटी टाकली. पेटवून देणार नाही म्हणाली, तुझी तू पेटव. मग एका हातानं कशी पेटवायची ते तिनंच शिकवलं. मला त्याच्या शौर्यपदकापेक्षा ही काडेपेटीच जास्त आठवते.

तिसरे फिलिप हार्ट, मिशिगनचेच वकील, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ ला जखमी झालेले.

शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकाला पर्पल हार्ट मिळतं. जांभळ्या हृदयावर जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा. जपानवर स्वारी करावी लागणार म्हणून त्या काळात अशी जवळपास पाच लाख पदकं घडवून ठेवली होती. स्वारी झालीच नाही. मग तोच साठा कोरियाला पुरला, व्हिएतनामला पुरला. जखमांचं अंदाजपत्रक आधीच मांडून ठेवलं होतं म्हणा ना!

डोलला बरं व्हायला तीन वर्षांहून जास्त काळ लागला. एक मूत्रपिंड गेलं, अंगावर मांस राहिलं नाही. रसेलच्या गावकऱ्यांनी सिगारच्या खोक्यात वर्गणी गोळा केली. शिकागोचे अर्मेनियन सर्जन केलिकियन यांनी फी न घेता शस्त्रक्रिया केल्या. हात पूर्वीसारखा झाला नाही तो नाहीच. पुढं आयुष्यभर डोल त्या मुठीत पेन धरून असायचे, लोकांनी हस्तांदोलनासाठी हात पुढं करू नये म्हणून.

रुग्णालयात इनोये पत्त्यांतलं ब्रिज खेळण्यात पटाईत. डोलनं त्याला आपला बेत सांगितला: वकिली करायची, मग राजकारण, मग थेट संसद. इनोयेनं बेत उचलला आणि १९५९ मध्ये आधी तोच काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत पोचला. मी आलोय, तू कुठं आहेस, असा त्यानं डोलला टोमणा मारल्याचं सांगतात. डोल १९६१ मध्ये आले. पुढं तिघंही सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य झाले, डोल रिपब्लिकन आणि बाकी दोघं डेमोक्रॅट. डोल यांनी सिनेटमधलं पहिलं भाषण केलं ते अपंगांच्या प्रश्नावर, तारीख मुद्दाम निवडलेली: १४ एप्रिल.

इनोये घरी परतताना कॅलिफोर्नियात एका न्हाव्याकडे गेला होता. अंगावर कॅप्टनचा गणवेश, छातीवर पदकं. न्हावी म्हणाला, आम्ही जपान्यांचे केस कापत नाही. देशाचं सर्वोच्च शौर्यपदक त्यांना मिळालं, पण ते २००० साली, पंचावन्न वर्षांनी.

डिसेंबर २०१२ मध्ये इनोये गेले. वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या घुमटाखाली शवपेटी ठेवली होती. एकोणनव्वद वर्षांचे डोल व्हीलचेअरमधून आले. पेटीपासून थोड्या अंतरावर त्यांनी खुर्ची थांबवली. डॅनीनं मला खुर्चीत बघू नये, म्हणाले. मदतनिसाचा आधार घेत ते उठले, चालत पेटीपाशी गेले आणि डाव्या हातानं सलाम केला.