कढई न चढवता ॲपल फ्रिटर

(दृश्य: किचनची खिडकी, बाहेर लाल-पिवळी झाडं, ओट्यावर सफरचंदांच्या दोन मोठ्या पिशव्या)

ऑक्टोबरचा शनिवार आहे, आणि ह्या दोन पिशव्यांमधे मिळून साधारण नऊ किलो सफरचंदं आहेत. घरात माणसं चार. म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

तर झालं असं, की बॉस्टनच्या पश्चिमेला पाऊण-एक तासावर स्टो, बोल्टन, हार्वर्ड अशी गावं आहेत (हे हार्वर्ड युनिव्हर्सिटीवालं नाही हं, ती केंब्रिजमधे, हे नुसतं गाव) आणि ह्या दिवसांत तिथल्या बागांमधे पिशवी विकत घ्यायची नि स्वतः झाडावरून सफरचंदं तोडून भरायची अशी पद्धत आहे. पिशवीच्या मापाला म्हणतात पेक, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. पिशवीचे पैसे दिलेत ना, मग ती काठोकाठ भरल्याशिवाय मराठी माणूस बागेतून बाहेर पडेल का? आमच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्यात, त्यांनी तर सफरचंदाचं झाड आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, आणि फांदीला हात पुरतोय म्हटल्यावर त्या काही थांबेनात.

आठवडाभर खाल्ली, डब्यात दिली, मुरांबा करून झाला, शेजारी वाटली (शेजाऱ्यांनीही आम्हाला वाटली, कारण तेही बागेत गेले होते). मग विषय निघाला फ्रिटरचा.

(दृश्य: डोनटच्या दुकानाचं काचेचं कपाट, मोठा खडबडीत ॲपल फ्रिटर)

अमेरिकेत कुठल्याही डोनटच्या दुकानात हा प्रकार असतो. तळहाताएवढा, वेडावाकडा, वर साखरेचा पातळ पापुद्रा आणि आत दालचिनीत माखलेल्या सफरचंदाच्या फोडी. दुकानातला बहुतेक यीस्टच्या कणकेचा असतो, घरी करतात तो बेकिंग पावडरचा, चमच्याने तेलात सोडायचा. म्हणजे सरळ सांगायचं तर भजंच. गोड भजं. आणि हे काही अमेरिकेचं डोकं नाही, इंग्लंडच्या राजाच्या स्वयंपाक्यांनी 1390 च्या सुमाराला लिहून ठेवलेल्या पाककृतींमधे सफरचंदाचे फ्रिटर आहेत, पिठात अंडं, केशर आणि बिअर घातलेले. हॉलंडमधे आजही 31 डिसेंबरच्या रात्री सफरचंदाच्या गोल चकत्या पिठात बुडवून तळतात.

सगळीकडे तळतातच. फ्रिटर ह्या शब्दाच्या मुळाशीच लॅटिनमधलं तळणं आहे. त्यामुळे बेक केलेला फ्रिटर म्हणजे शब्दशः न तळलेलं तळण. मग आम्ही ओव्हनकडे का वळलो? हेल्थ वगैरे म्हणतील लोक. आमचं कारण वेगळं आहे.

(दृश्य: छतावरचा स्मोक अलार्म, कॅमेरा त्याच्यावर जरा जास्तच वेळ)

हे. हे कारण आहे. मागच्या दिवाळीत चकल्या तळताना हा वाजला, मग कॉरिडॉरमधला वाजला, मग अख्ख्या इमारतीचा वाजला, आणि रात्री पावणेनऊला सगळे शेजारी कोट-टोप्या घालून खाली पार्किंगमधे उभे आणि समोर फायर ट्रक. मी हातात झारा घेऊनच खाली आले होते. त्यानंतर बिल्डिंगच्या ऑफिसकडून जे पत्र आलं ते मी वाचून दाखवत नाही. शिवाय इथे थंडीत खिडक्या बंद असतात, त्यामुळे तळणाचा वास कार्पेटमधे नि कोटांमधे आठ दिवस राहतो. तर तळण बंद, ओव्हन सुरू.

(दृश्य: पहिल्या प्रयत्नाचा फोटो, फिकट गोळे)

ही पहिली बॅच. तळायच्या फ्रिटरचंच पीठ केलं, तेवढ्याच फोडी घातल्या, ट्रेवर चमच्याने टाकलं आणि ओव्हनमधे सरकवलं. पंधरा मिनिटांत सगळे पसरून एकमेकांना चिकटले. वरून पांढरट, खालून ओले, मधे गचका. आई खुर्चीत बसून बघत होत्या, त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं हे भजं आहे का केक आहे? एकदा काय ते ठरव तरी."

मी म्हटलं, "अहो आई, ओव्हनमधे असंच होतं."

"असंच कसं होईल? काकडीची कोशिंबीर करताना पाणी पिळतेस ना? मग ह्याचं का नाही?"

आणि खरंच की. सफरचंदात साधारण 85 टक्के पाणीच असतं. कढईत तेल असतं 180 डिग्रीला, पीठ पडल्या पडल्या वरचं पाणी वाफ होऊन उडतं (त्या ज्या चुरचुर बुडबुड्या दिसतात ना, ती वाफच), कवच लगेच धरतं आणि आकार पक्का होतो. ओव्हनमधली हवा 200 डिग्रीला असली तरी हवा तेलासारखी चटका देत नाही, उष्णता हळूहळू देते. तोवर पीठ पसरतं, फोडी पाणी सोडतात, आणि कवच धरायच्या आधीच आत खीर होते. म्हणजे जे पाणी कढई काढते ते ओव्हनच्या आधी आपणच काढायचं, एवढंच.

आणि ते कसं काढायचं हेही आईंनीच सांगितलं. भोपळ्याचे घारगे. भोपळा किसायचा, गुळात शिजवायचा, आळवायचा, गार करायचा आणि मग त्यात मावेल तेवढी कणीक, वरून पाण्याचा थेंब नाही. सफरचंदाला तोच न्याय लावला.

(दृश्य: सफरचंद सोलताना, सालीची लांब पट्टी)

आता सफरचंद कुठलं? ह्या भागात जिकडेतिकडे मॅकिंटॉश. 1811 च्या सुमाराला कॅनडातल्या ऑन्टारिओमधे जॉन मॅकिंटॉश नावाच्या शेतकऱ्याला रानात आपोआप उगवलेली रोपं मिळाली, त्यातलं हे वाण (ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचं नावही ह्याच्यावरूनच). वास अप्रतिम, पण शिजवलं की पाच मिनिटांत लगदा. फ्रिटरला फोड दिसली पाहिजे, म्हणून ग्रॅनी स्मिथ घ्या, तेच हिरवं आंबट, ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ नावाच्या आजींच्या बागेत 1868 च्या सुमाराला सापडलेलं. मी तीन सफरचंदं घेते, दोन ग्रॅनी स्मिथ आणि एक मॅकिंटॉश, म्हणजे फोडी टिकतात आणि त्यांना तो वासाचा लगदा बांधून ठेवतो.

पुण्यात सफरचंद म्हणजे हॉस्पिटलमधे कोणाला भेटायला जाताना घ्यायचं फळ, असं आई म्हणतात. सिमल्याचं सफरचंद. आता गंमत बघा, फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्टोक्स नावाच्या माणसाने 1916 मधे सिमल्याजवळ कोटगढला अमेरिकन डिलिशस जातीची झाडं लावली, आणि हिमाचलचा सफरचंदाचा धंदा तिथून वाढला. हाच माणूस पुढे स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेला आणि 1932 मधे हिंदू होऊन सत्यानंद झाला. हे मी आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे आम्ही पेशंटला इतकी वर्षं अमेरिकन फळच नेत होतो?"

(दृश्य: पॅनमधे फोडी, वाफ)

तर सोलून, बी काढून साधारण 350 ग्रॅम फोडी, हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या. मोठ्या नकोत. पॅनमधे एक मोठा चमचा बटर, दोन मोठे चमचे ब्राऊन शुगर (नसेल तर गूळ, माझ्या मते गूळच बरा), चमचाभर दालचिनीची पूड, अर्ध्या लिंबाचा रस. साखर पडली की फोडी लगेच पाणी सोडतात, पॅनमधे तळं होतं, घाबरू नका. झाकण अजिबात नाही. मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं.

इथे कॅमेरा जवळ आणलाय मुद्दाम. आधी बुडबुडे छोटे आणि भरभर फुटतायत, ते पाणी. मग मोठे होतात, संथ होतात, चकचकीत दिसायला लागतात, आणि उलथनं तळाशी फिरवलं की मागे रस्ता तयार होतो आणि तो लगेच भरून येत नाही. तो रस्ता दोन सेकंद उघडा राहिला की गॅस बंद. ताटलीत पसरून पूर्ण गार करा. पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट फोडी घातल्या तर पुढचं बटर वितळतं आणि परत केक.

(दृश्य: परातीत मैदा, बोटांनी चोळताना)

पीठ सोपं आहे. 190 ग्रॅम मैदा, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ, 50 ग्रॅम साखर. त्यात 55 ग्रॅम गार बटर, फ्रीजमधून काढलेलं, छोटे तुकडे करून बोटांच्या टोकांनी चोळायचं. आपण शंकरपाळ्याला मोहन कडकडीत घालतो, इथे उलटं, थंडगार. बटरचे वाटाण्याएवढे खडे राहिले पाहिजेत, ओव्हनमधे ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ खुसखुशीत होतं.

एक अंडं आणि 80 मिली दूध फेटून ओता, गार फोडी घाला, आणि दहा-बारा वेळा हलवून थांबा. खरंच थांबा, जास्त ढवळलं की चिवट होतात. हे पीठ भज्याच्या पिठापेक्षा खूप घट्ट आहे, चमच्यातून पडत नाही, बोटाने ढकलावं लागतं. तसंच हवंय.

ओव्हन 400 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 205 सेल्सियस, आणि ट्रे आतच ठेवून तापवायचा. तापलेल्या ट्रेवर बटर पेपर, त्यावर पटापट दहा ढीग, दोन बोटं अंतर ठेवून. वरून गुळगुळीत करायचे नाहीत, जेवढी टोकं वर येतील तेवढी ती खरपूस होतात, आणि फ्रिटरची सगळी मजा त्या टोकांतच आहे. वरून वितळलेलं बटर ब्रशने, आठ मिनिटांनी परत एकदा. एकूण सोळा ते अठरा मिनिटं.

(दृश्य: छोट्या पातेल्यात सायडर उकळताना)

तोवर ग्लेझ. अमेरिकेत सायडर म्हणजे दारू नव्हे, न गाळलेला गढूळ सफरचंदाचा रस (इंग्लंडमधे मात्र सायडर मागितलंत तर दारूच मिळेल, लक्षात ठेवा). एक कप सायडर उकळून उकळून दोन-तीन मोठे चमचे होईपर्यंत आटवायचं. न्यू इंग्लंडमधली ही जुनी रीत आहे, काकवीसारखं दाट आणि आंबट-गोड होतं. ते 120 ग्रॅम पिठीसाखरेत कालवायचं, फार घट्ट वाटलं तर थेंबभर दूध. फ्रिटर गरम असतानाच वरून ओता, दहा मिनिटं थांबून अजून एकदा. पहिला थर आत मुरतो, दुसरा वर पापुद्रा धरतो. एकच थर देऊन फोटो काढणाऱ्यांनी खाऊन बघितलं नसावं असं माझं मत आहे.

(दृश्य: फ्रिटर मोडताना, आतली फोड)

आता खरं सांगू? तळलेल्याची चव येते का? नाही येत. तो तेलकट, कुरकुरीत, बोटं चाटायला लावणारा प्रकार वेगळाच. हा वरून खुसखुशीत, आतून मऊ, आणि सफरचंद मात्र तळलेल्यापेक्षा जास्त लागतं, कारण आटवून घातलंय ना. उरलेच तर दुसऱ्या दिवशी टोस्टर ओव्हनमधे पाच मिनिटं, मायक्रोवेव्हमधे टाकलेत तर परत गचका.

(दृश्य: टेबल, चहाचे कप, आई)

आईंनी दोन खाल्ले. तिसरा अर्धा मोडून घेतला आणि चहात बुडवला. मी विचारलं, "जमलं ना आई आता?"

"जमलं हो. छान झालंय. घारगेच ते, जरा साहेबी." मग छताकडे त्या अलार्मवर नजर टाकून, "उद्या बटाट्याची भजी करू. कढईतली. खिडकी उघडी ठेव, मी स्वेटर घालून बसेन."