बँडची ओळख, एका लिंकवर

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी पहाट जवळ आली की ठाण्यात राम मारुती रोड, तलावपाळी या भागात कार्यक्रमांची धांदल सुरू होते, आणि आयोजकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बँडवाल्या पोरांची रांग लागते. ‘सर, आमचं ऐका ना!’ मागोमाग ढीगभर फोटो, व्हिडिओ, रील. आयोजक बिचारा ते उघडणार कधी आणि मंडळाच्या अध्यक्षांना दाखवणार कधी?

त्यासाठी असतो इलेक्ट्रॉनिक प्रेस किट, म्हणजे ईपीके. बँडचं सगळं एका लिंकवर. वेबसाइटचं एक पान चालतं, गुगल ड्राइव्हचं फोल्डरही चालतं. फक्त ड्राइव्हची लिंक सगळ्यांना खुली केलीय ना, ते दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. नाहीतर समोरच्याला परवानगी मागावी लागते, आणि परवानगी मागून गाणं ऐकणारा आयोजक मी तरी पाहिलेला नाही.

परिचयात ‘संगीताच्या क्षितिजावरचा नवा तारा’ वगैरे नको. तुम्ही ऐरोलीचे की कळव्याचे, कोण काय वाजवतं, स्वतःची गाणी किती, कव्हर म्हणजे दुसऱ्यांची गाणी किती, एवढं पाच-सहा ओळींत बसतं. वार्ताहर घाईत असला तर तोच मजकूर जसाच्या तसा छापतो, म्हणून नावं मराठीत आणि इंग्रजीत नीट तपासून लिहा.

फोटो दोन-तीनच, पण मोठे. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके लागतात. वीस सेंटिमीटर रुंद छापायचा तर फोटो साधारण २४०० पिक्सेल रुंद हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ एकच, प्रत्यक्ष कार्यक्रमातला. स्टुडिओत ओठ हलवलेला कितीही देखणा असो, त्यावरून बुकिंग करणारा जरा बिचकतोच.

आता बहुतेकजण विसरतात ती गोष्ट: स्टेज प्लॉट आणि इनपुट लिस्ट. मंचावर कोण कुठे उभा राहणार, याचं साधं चित्र, आणि कुठल्या वाद्याला किती चॅनल, म्हणजे साउंड मिक्सरवर किती जागा, याची यादी. ढोलकीला दोन माइक लिहा, कारण दोन्ही पुड्यांचा आवाज वेगळा. कीबोर्ड स्टीरिओ असेल, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा असेल, तर दोन डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडायची छोटी पेटी), बेस गिटारला एक. गायकाला मॉनिटर, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकायचा स्पीकर, कुठे हवा, तेही दाखवा. गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, आधीचा कार्यक्रम संपून तुमचा सुरू होईपर्यंत वेळ थोडाच मिळतो. साउंडवाल्या दादांच्या हातात हा कागद असला तर वायरी आधीच लागतात आणि तुमचा साउंडचेक ‘हॅलो हॅलो’त संपत नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा बोलावणं येतं ते पुष्कळदा या कागदामुळे.

आणि हो, संपर्काला नंबर एकाचाच द्या, जो फोन उचलतो त्याचा. तो गायकच असला पाहिजे असं काही नाही.