उरलेली शिक्षा मायदेशी

श्रोतेहो, नमस्कार. मॉरिशसमध्ये एका भारतीयाला हेरॉइन बाळगल्याबद्दल 26 वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही देशांत कैदी हस्तांतराचा करार आहे. उरलेली शिक्षा भारतात भोगू द्या, ही त्याची विनंती मान्य झाली आणि 2016 साली तो इथल्या तुरुंगात आला. मग त्याने न्यायालयात विचारलं: माझ्याजवळ सापडलं 152.8 ग्रॅम. एवढ्यासाठी आपल्या कायद्यात जास्तीत जास्त 10 वर्षं आहेत, मग मी 26 का भोगू?

मुंबई उच्च न्यायालयाला ते पटलं. सर्वोच्च न्यायालयाला मात्र पटलं नाही. जानेवारी 2022 मध्ये त्याने तो निकाल रद्द केला. आपल्याकडे त्या गुन्ह्याला कमी शिक्षा आहे, एवढ्यावरून परदेशी शिक्षा छाटता येत नाही. ती मायदेशी भोगायला मिळते, इतकंच.

ऐकायला कठोर वाटतं खरं, पण मला हा निकाल योग्य वाटतो. इथे आणून शिक्षा निम्म्याहून कमी होणार असेल, तर उद्या कोणता देश आपला कैदी सोपवेल?

आपला यासंबंधीचा कायदा 2003 चा. करार असलेल्या देशांशीच हे जमतं. ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका ही त्यातली काही नावं. निकाल अंतिम झालेला हवा. अपील चालू असेल तर थांबा. फाशीची शिक्षा झालेल्याला ही वाट नाही. साधारणपणे किमान सहा महिन्यांची शिक्षा उरलेली असावी लागते. कैद्याची स्वतःची संमती हवी, शिवाय दोन्ही सरकारांचा होकार. यातलं कोणीही नाही म्हणालं की फाईल तिथेच बंद.

परदेशातल्या तुरुंगांत सुमारे 10 हजार भारतीय आहेत, त्यांत खटला अजून चालूच असलेलेही आले. त्यांना हा कायदा लागूच होत नाही. कोकणातून आखातात माणसं जातात, म्हणून तिथल्या घरच्यांना मुद्दाम सांगतो. रमजान-ईदच्या सुमाराला तिथले राज्यकर्ते काही कैद्यांना माफी देतात. त्यामुळे शिक्षा थोडी उरली असेल, तर अर्ज करण्याआधी तिथे थांबण्याचाही हिशेब मांडा. आणि शिक्षा मोठी असेल, तर घरापासून एसटीच्या अंतरावरचा तुरुंग ही लहान गोष्ट नाही. आईला निदान मुलाखतीला जाता येतं. पण संमतीच्या कागदावर सही करण्याआधी भारतात नेमकी किती वर्षं भोगावी लागतील, ते वकिलातीकडून लेखी मागून घ्या.