आधी गव्हाण बघा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं, हडपसर मागे पडलं, की पुढे ऊस सुरू होतो. याच पट्ट्यात, उरुळी कांचनला, मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ ही शेती-पशुपालनात काम करणारी संस्था उभी केली. होल्स्टीन, जर्सी वळूंचं गोठवलेलं रेत (वीर्य) शेतकऱ्याच्या दारात पोचवणाऱ्या कामाला इथून बळ मिळालं. आता दोन गायींच्या दावणीलाही चांगलं रेत मिळतं. तरी गाय उलटते, म्हणजे रेत भरूनही गाभण राहत नाही. पुन्हा भरवली, पुन्हा उलटली, की सगळे रेताला नावं ठेवतात.

आमचं म्हणणं, आधी गव्हाण बघा.

ऊसतोड सुरू झाली की गव्हाणी वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, भरतात. जनावर ते आवडीने खातं, पोटही भरतं. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते खाद्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हे कॅल्शियम शेणावाटे वाया जातं. दुधावाटे जातं ते वेगळंच. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यांवर काढलेली गाय अंगाने झडते, माज (भरवण्याजोगी वेळ) धड दाखवत नाही, गाभ धरत नाही.

वाढे टाकून द्या असं कोण म्हणेल? घरचंच आहे ते. पण कुट्टी करा, वर चुन्याची निवळी शिंपडा आणि कडबा, लसूणघास, मका यांची जोड द्या. खनिज मिश्रण रोज द्या. ते परवडत नाही म्हणणाऱ्याने उलटलेल्या एका माजाचा खर्च मांडून बघावा. पुढच्या माजापर्यंतची एकवीस दिवसांची वैरण-पेंड त्यात गेलेली असते.

उन्हाळ्यासाठी थोडा मका मुरघासाला, म्हणजे हवाबंद मुरवायच्या चाऱ्याला, राखावा. कणसातला दाणा नखाने दाबला की पांढरा चीक यायला हवा, तेव्हाच कापणी. कुट्टी पिशवीत थराथराने तुडवायची, हवा राहू द्यायची नाही. दीड महिन्याने उघडली की आंबूस-गोड वास येतो. बुरशी धरलेला भाग गाभण जनावरापुढे चुकूनही टाकू नये.

आणि माज. गायीचा माज बारा ते अठरा तास टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका. ती फारशी ओरडत नाही. पहाटे शेपटीखाली बॅटरी मारून काचेसारखी बळस, म्हणजे माजातला चिकट स्राव, शोधावी लागते. धारेला बसणाऱ्या बाईला हे सगळ्यात आधी कळतं. डॉक्टर आले की तिलाच पुढे बोलवा.